टिपणवहीची साक्ष

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

ज्याला चळवळीत वावरायचे आहे त्याचा पोलिसांच्या लेखणीशी कधी ना कधी संबंध येतोच. मोर्चावर लाठीहल्ला होतो, एखाद्या वस्तीत दंगल पेटते, बांधावर एखाद्या शेतमजूर स्त्रीचे प्रेत सापडते. आणि त्यानंतर जे काही घडते, अटक, जामीन, खटला, शिक्षा किंवा सुटका, ते सारे एका कागदावर उभे राहते. घटनास्थळी प्रथम पोचलेल्या शिपायाने वा तपासी अंमलदाराने लिहिलेले ते टिपण असते. वकिलांचे युक्तिवाद आणि न्यायाधीशांचे निकालपत्र हा वरचा इमला होय. पाया त्या चार ओळींचा असतो, आणि पायाकडे सहसा कोणी वाकून पाहत नाही.

आपल्या समाजात लिहिलेल्या शब्दाचा दरारा फार मोठा आहे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याला 'कागदोपत्री तसे आहे' असे सांगितले की तो निमूट होतो. वास्तविक कोणताही कागद आपोआप सत्य होत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिला धडा हाच दिला जातो की, आकडा वाचण्यापूर्वी तो कोणी, कोठे उभे राहून आणि कोणत्या घाईत गोळा केला ते विचारावे. नजरअंदाज पैसेवारीच्या आकड्यावर गावोगावच्या शेतकऱ्यांची सारासूट वर्षानुवर्षे ठरत आली. बांधावर उभे राहून भरलेला तक्ता आणि चावडीत बसून भरलेला तक्ता कागदावर अगदी सारखेच दिसतात. फरक कागदात नसतो, तो कागदामागच्या माणसात आणि त्याच्यावरील देखरेखीत असतो. गुन्ह्याच्या जागी केलेल्या टिपणालाही हाच न्याय लागू आहे. टिपण हा एक साक्षीदार आहे आणि साक्षीदाराची उलटतपासणी व्हावयास हवी.

हे तत्त्व तपासून पाहण्यासाठी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे एक प्रकरण उपयोगी पडते. ते आपल्या राजकारणापासून दूर आहे, त्यामुळे त्याकडे राग-लोभ बाजूला ठेवून पाहता येते.

१८८८ सालचे लंडन. शहराच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपेल ही गरिबांची वस्ती. रशिया व पोलंडमधून छळाला कंटाळून आलेले ज्यू कामगार तेथे शिवणकामाच्या कोंदट खोल्यांत राबत. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जवळच्या बो भागात आगपेट्यांच्या कारखान्यातील मुलींनी संप करून तो जिंकला होता. त्या वस्तीत त्या उन्हाळ्यात गरीब स्त्रियांचे खून पडू लागले. पुढे 'जॅक द रिपर' या नावाने कुप्रसिद्ध झालेले खुनांचे सत्र ते हेच. ३० सप्टेंबरच्या पहाटे एका तासाच्या आत दोन स्त्रियांची प्रेते सापडली. पहिले प्रेत एलिझाबेथ स्ट्राइड हिचे. ते ज्यू समाजवादी कामगारांच्या एका क्लबाला लागून असलेल्या आवारात, क्लबाच्या कारभाऱ्यालाच रात्री एकच्या सुमारास आढळले. दुसरे कॅथरिन एडोज हिचे. केंट परगण्यात हॉपतोडणीची मजुरी करून ती नुकतीच परतली होती. पाऊण तासाने मायटर चौकात तिचे प्रेत सापडले. तिच्या अंगावरील ॲप्रनचा एक तुकडा कापून नेलेला होता.

तो तुकडा पहाटे २ वाजून ५५ मिनिटांनी गुल्स्टन रस्त्यावर, ज्यू भाडेकरूंची दाट वस्ती असलेल्या एका चाळवजा इमारतीच्या दारात सापडला. सापडवणारा शिपाई आल्फ्रेड लाँग हा महानगर पोलिसांचा. तुकड्याच्या वर, दाराच्या कडेच्या काळ्या विटांवर खडूने एक वाक्य लिहिलेले होते. मायटर चौक सिटी पोलिसांच्या हद्दीत आणि गुल्स्टन रस्ता महानगर पोलिसांच्या, त्यामुळे एकाच गुन्ह्याच्या पुराव्यावर दोन दलांचे लोक जमा झाले. सिटी पोलिसांचा गुप्त पोलीस शिपाई डॅनियल हॉल्स भिंतीजवळ पहाऱ्यास उभा राहिला. लाँगने आपल्या वहीत ते वाक्य उतरवून घेतले आणि हॉल्सनेही. पुढे साडेपाचच्या सुमारास महानगर पोलिसांचे आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांच्या हुकमाने ते लेखन पुसून टाकण्यात आले. त्याचे छायाचित्र घेतलेले नव्हते.

११ ऑक्टोबर रोजी कॉरोनरसमोर चौकशी झाली. (हे पद गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत मुंबईतही होते.) त्या दिवशी असे उघड झाले की, दोन पोलिसांनी एकाच भिंतीवरून उतरवून घेतलेली दोन वाक्ये एकमेकांशी जुळत नाहीत. लाँगच्या म्हणण्याप्रमाणे वाक्य होते: 'द ज्यूज आर द मेन दॅट विल नॉट बी ब्लेम्ड फॉर नथिंग.' हॉल्सच्या टिपणाप्रमाणे 'नॉट' हा शब्द 'आर'च्या लगेच नंतर होता: 'द ज्यूज आर नॉट द मेन दॅट विल बी ब्लेम्ड फॉर नथिंग.' एका नकाराची जागा बदलली की वाक्याचा रोख बदलतो. पहिल्या वाक्यातून ज्यूंवरचा आरोप वाचता येतो. दुसऱ्यातून ज्यूंच्या बाजूची तक्रार वाचता येते. त्यात लंडनच्या गल्लीतल्या बोलीत दुहेरी नकाराचा अर्थ साधा नकार असाच घेतला जाई. त्यामुळे दोन्ही वाक्ये आणखी संदिग्ध झाली. लिहिणारा खुनी होता की नव्हता, तो ज्यू होता की ज्यूद्वेष्टा, या साऱ्या तर्काचा आधार म्हणजे ते वाक्य, आणि ते वाक्य नेमके काय होते हेच दोन नोंदवह्यांना एकमुखाने सांगता येईना.

पुढे स्पेलिंगचा प्रश्न आला. भिंतीवर 'ज्यूज' या शब्दाचे स्पेलिंग नेहमीचे नव्हते. त्यात 'यू' हे अक्षर होते. लाँगची वही मागवून पाहिली तेव्हा तीत तो शब्द शुद्ध लिहिलेला निघाला. भिंतीवरचे स्पेलिंग वेगळे आहे हे निरीक्षकाने बोलून दाखवले, पण त्याआधीच आपली नोंद झाली होती, असे त्याने सांगितले. निरीक्षकाच्या स्वत:च्या अहवालातही शब्द शुद्धच कसा, याचे उत्तर त्याला देता आले नाही. यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. डोळा भिंतीवर असतो, पण हात सवयीने चालतो. ओळखीचा शब्द दिसला की माणूस तो वाचत नाही, ओळखतो. आणि ओळखलेले लिहितो. प्रामाणिक माणसाच्या हातूनही टिपणात चूक शिरते ती या मार्गाने.

याहून बोधप्रद भाग वेळेचा आहे. लाँग आपल्या गस्तीत २ वाजून २० मिनिटांनी त्याच दारावरून गेला होता. तेव्हा तो तुकडा तेथे होता काय, असे विचारता त्याने ठामपणे सांगितले की नव्हता. विलक्षण योगायोग असा की, हॉल्सही त्याच सुमारास, त्याच्याही सांगण्याप्रमाणे २ वाजून २० मिनिटांनीच, त्या रस्त्याने गेला होता. त्यालाही काही आढळले नव्हते. पण त्याने एक पुस्ती जोडली: तुकडा तेथे असता तरी तो आपल्या नजरेस पडलाच असता असे नाही.

मित्रहो, 'नव्हते' आणि 'दिसले नाही' या दोन शब्दप्रयोगांतील अंतर जो जाणतो, त्याला पुराव्याचे शास्त्र निम्मे कळले. 'दिसले नाही' हे पाहणाऱ्याविषयीचे विधान आहे. 'नव्हते' हे जगाविषयीचे. अंधाऱ्या दाराच्या कोपऱ्यात पडलेला मळका कापडाचा तुकडा कंदिलाच्या उजेडात चालत्या शिपायाला न दिसणे अगदी संभवनीय आहे. परंतु लाँगचे 'नव्हते' मानले, तर खुनी खून केल्यानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ त्या भागात वावरत होता असा निष्कर्ष निघतो, आणि त्यावर मग तो जवळच राहत असला पाहिजे, कोठेतरी जाऊन पुन्हा बाहेर पडला असला पाहिजे, असे मजल्यावर मजले चढतात. सारा इमला एका क्रियापदावर उभा.

हॉल्सचे टिपण तरी निर्दोष होते काय? तेही नाही. लेखन ताजे दिसत होते असे त्याने सांगितले. का, असे विचारता उत्तर आले की, ते जुने असते तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगाने पुसले गेले असते. म्हणजे 'ताजे' हे निरीक्षण जसे होते तसाच तो तर्कही होता. तो वाजवी असेल, पण साक्षीच्या ओघात त्याने निरीक्षणाची वस्त्रे परिधान केली होती. प्रश्न विचारला गेला म्हणून ती उतरली. प्रश्न विचारला गेला नसता तर एक अनुमान वस्तुस्थिती म्हणून कायमचे दफ्तरी दाखल झाले असते.

आता पुसण्याविषयी. सर चार्ल्स वॉरन हे नाव समाजवाद्यांच्या इतिहासात दुसऱ्याच कारणाने नोंदलेले आहे. १३ नोव्हेंबर १८८७ रोजी ट्रॅफल्गार चौकात बेकार कामगार, आयर्लंडचे पाठीराखे आणि समाजवादी यांच्या निदर्शनावर पोलीस व लष्कर घालणारे आयुक्त ते हेच. त्या दिवशीच्या मोर्चेकऱ्यांत विल्यम मॉरिस होते, बर्नार्ड शॉ होते, आणि पुढे भारतात येऊन १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या ॲनी बेझंटही होत्या. अशा माणसाच्या हातून पुरावा पुसला गेला म्हटल्यावर त्याच्या हेतूवर तुटून पडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. वॉरन यांनी गृहखात्याला दिलेले कारण उडवून लावण्याजोगे नाही. तो रविवार होता. थोड्याच वेळात तेथे बाजार भरून हजारोंची गर्दी होणार होती. 'लेदर ॲप्रन' या टोपणनावाच्या संशयितावरून ज्यूंविरुद्ध वातावरण आधीच तापलेले होते. ते वाक्य गर्दीने वाचले असते तर घरे लुटली जातील, माणसे मारली जातील, ही भीती खरी होती. भिंतीवरच्या एका ओळीवरून गरिबांची घरे कशी जळतात हे आपल्याला कोणी लंडनहून येऊन सांगावयास नको.

तरीही प्रश्न उरतोच. लेखन झाकून ठेवता आले असते. हॉल्सने फक्त वरची ओळ पुसावी असे सुचवले होते. केवळ 'ज्यूज' हा शब्द पुसावा अशीही सूचना पुढे आली होती. सिटी पोलिसांच्या गुप्त शाखेने छायाचित्र घेण्यास सांगितले होते. उजाडायला फार अवकाश नव्हता. वॉरन यांनी हे पर्याय विचारात घेऊन नाकारले. झाकले तर लोक आवरण फाडतील, असे त्यांना वाटले. शांतता राखणे हे शासनाचे कर्तव्य आणि पुरावा राखणे हेही. दोहोंत संघर्ष आला तेव्हा पुराव्याची बाजू मांडणारा एक साधा शिपाई होता आणि शांततेच्या नावाने निर्णय देणारा आयुक्त. निकाल काय लागणार हे उघड होते.

परिणाम असा झाला की, भिंत गेली आणि वह्या उरल्या. भिंत होती तोवर वहीतील चूक दुरुस्त होऊ शकत होती. ती पुसल्यावर वही हीच भिंत झाली, आणि दोन वह्या असल्यामुळे भिंतीही दोन झाल्या. त्यांपैकी खरी कोणती हे आजतागायत ठरलेले नाही, ठरणारही नाही. खुनी तर सापडला नाहीच.

मात्र या अपयशाच्या कथेत एक गोष्ट अनुकरणीय घडली. सिटीचे कायदा सल्लागार क्रॉफर्ड यांनी पोलिसांचे म्हणणे पोलिसांचे म्हणून मान्य केले नाही. शब्दाची जागा, स्पेलिंग, वेळ, प्रत्येक बाबीवर त्यांनी टोकले. कॉरोनरने तोंडी आठवणीवर न थांबता माणूस पाठवून वही मागवली. ज्यूरीतील एका सामान्य नागरिकाने, दारात तुकडा सापडूनही इमारतीतील खोल्यांची नीट चौकशी का झाली नाही, असे विचारण्याचे धैर्य दाखवले. एका निर्धन, बेघर स्त्रीच्या मृत्यूच्या चौकशीत हे प्रश्न उघड्या सभेत विचारले गेले आणि वृत्तपत्रांत छापले गेले. दोन टिपणांतील विसंगती आज आपल्याला ठाऊक आहे ती यामुळे.

येथे एक उलटी गोष्टही ध्यानात घ्यावी. दोन टिपणे जुळत नाहीत यात एक आश्वासन आहे: ती एकमेकांवरून उतरवलेली नाहीत. ज्यांची प्रत्येक ओळ जुळते अशी टिपणे अधिक भयावह ठरू शकतात. इंग्लंडमध्येच २१ नोव्हेंबर १९७४ रोजी बर्मिंगहॅम शहरातील दोन पबांत बॉम्बस्फोट होऊन २१ माणसे मेली. सहा आयरिश पुरुषांना जन्मठेप झाली. त्यांच्या जबान्यांची टिपणे त्याच वेळी, समोर बसून घेतली असे पोलिसांनी शपथेवर सांगितले होते. कागदावर लिहिताना खालच्या कागदावर उमटणारे, डोळ्यांना न दिसणारे ठसे विद्युत्भाराच्या साह्याने उघड करणारी चाचणी पुढे उपलब्ध झाली. त्या टिपणांतील काही पाने, सांगितली तशी एकटाकी लिहिलेली नव्हती, असे तीतून दिसून आले. १४ मार्च १९९१ रोजी सहाही जण सुटले. तोवर सोळा वर्षे गेली होती. लाँग आणि हॉल्स यांची चूक माणसाची होती. येथे घडले ते व्यवस्थेचे होते. पण दोन्हीकडे उपाय एकच लागू पडला. लिहिणाऱ्याखेरीज अन्य कोणाला तरी मूळ कागद तपासता आला.

आता आपल्याकडे वळू. पंचनामा हा आपला जुना शब्द, आणि त्यामागील कल्पनाही लोकशाहीची आहे: पोलिसाने पाहिलेले गावातील दोन स्वतंत्र माणसांनीही पाहावे. झडतीच्या वेळी त्या भागातील दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. व्यवहारात काय होते हे न्यायालयाच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही विचारावे. ठाण्याच्या आसपासचा तोच चहावाला, तोच रिक्षावाला प्रकरणामागून प्रकरणात पंच म्हणून सही करतो. मजकूर आधी लिहून तयार असतो. वर्षांनंतर साक्षीला उभा राहिला की तो फितूर होतो. 'फितूर' हा शब्द त्याच्यावर अन्याय करणारा आहे. त्याने पाहिलेच काही नसेल तर तो फितूर कशाला होणार?

तपासी अंमलदाराच्या रोजच्या डायरीचीही अशीच गत आहे. न्यायालय ती मागवू शकते. आरोपीला मात्र ती मागण्याचा हक्क नाही. अंमलदाराने साक्षीत स्मरण ताजे करण्यासाठी ती उघडली किंवा न्यायालयाने त्याला खोडण्यासाठी ती वापरली, तरच बचावाला तिच्यात डोकावता येते. ही डायरी बांधीव आणि पृष्ठांकित असावी एवढी साधी अट कायद्यात यायला २००८ ची दुरुस्ती लागली. सुट्या पानांवरची डायरी कशासाठी सोयीची असते, हे बर्मिंगहॅमच्या प्रकरणानंतर वेगळे सांगावयास नको.

नव्या संहितेने झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे असे म्हटले आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे अशीही तरतूद आहे. या सुधारणांचे स्वागत केले पाहिजे. पण कॅमेरा म्हणजे देव नव्हे. तो केव्हा सुरू झाला, त्यापूर्वी जागेवर कोण वावरले, मूळ चित्रण कोणाच्या ताब्यात आहे, आरोपीच्या वकिलाला ते केव्हा मिळाले, हे प्रश्न वहीला विचारावयाचे तेच कॅमेऱ्यालाही विचारावे लागतील. साधन बदलते, संशयाचे कर्तव्य बदलत नाही.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो: असा संशय घेत बसले तर गुन्हेगार मोकाट सुटतील आणि रात्रंदिवस राबणाऱ्या पोलिसाचे मनोधैर्य खचेल. पोलीस शिपाईही श्रमिक आहे आणि त्याच्यावरील ताण खरा आहे, हे समाजवाद्याने विसरू नये. पण कच्च्या टिपणाचा खरा लाभ गुन्हेगारालाच होतो. पंच फितूर, वेळा विसंगत, मूळ पुरावा नष्ट, मग आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटतो. आणि दलित वस्तीवरील हल्ल्याच्या वा स्त्रीवरील अत्याचाराच्या खटल्यात असे घडते तेव्हा हरतो तो पीडित. काटेकोर टिपणाचा आग्रह हा निरपराध आरोपीचा जितका, तितकाच फिर्यादी गरिबाचाही हक्क आहे.

शेवटी हा निकष स्वत:ला लावल्यावाचून इतरांना लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. दंगलीनंतर, गोळीबारानंतर आपल्या सत्यशोधन समित्या जातात, अहवाल लिहितात. त्यांत 'दिसले नाही'च्या जागी 'नव्हते' किती वेळा पडते? ऐकलेले पाहिलेल्यात किती मिसळते? दोन साथींच्या नोंदी जुळत नाहीत तेव्हा विसंगती छापली जाते, की सोयीची नोंद ठेवून दुसरी गाळली जाते? आपला पक्ष न्याय्य आहे म्हणून आपले टिपण खरे ठरत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही पथ्ये पाळावीत. घटनास्थळी वही काढली की तारीख आणि घड्याळातली वेळ आधी लिहावी. पाहिलेले, ऐकलेले आणि वाटलेले यांना वेगवेगळे रकाने द्यावेत. भिंतीवरचे, फलकावरचे, पत्रकातले शब्द चुकांसकट जसेच्या तसे उतरावेत आणि छायाचित्र घेतल्यावाचून तेथून हलू नये. सोबत्याने स्वतंत्र लिहावे. नंतर ताडून पाहावे, पण दुरुस्त करू नये. पंच म्हणून बोलावणे आले तर टाळू नये, आणि वाचल्यावाचून सही करू नये. जो कागद आपल्याला दाखवला जात नाही तो पाहण्याचा हक्क, ठाण्यात, तहसीलीत आणि न्यायालयात, शांतपणे पण न थकता मागत राहावे. एडोजच्या चौकशीत कॉरोनरने वही मागवली. आपल्या तालुक्यात ती मागणारा माणूस आपण तयार करावयाचा आहे.